हाडाची काडे आणि बोरिंगचे पाणी
(बी. ए. भाग दोनची एक विद्यार्थिनी)

'हाडाची काडे करणे' हा वाक्प्रचार आपण सर्वांनी शाळेत पाठ केला आहे. अर्थ : अतिशय कष्ट करणे. वाक्यात उपयोग : आईने हाडाची काडे करून मुलांना वाढवले. गुण दोन. पुढे त्या आईच्या हाडांचे काय झाले, हे परीक्षेत कोणी विचारत नाही.

मला हा प्रश्न पडला तो आजीमुळे. माझ्या आजीने चाळीस वर्षे रोवणी केली. आषाढात पऱ्हे उपटायचे, पेंढ्या बांधीत फेकायच्या आणि गुडघाभर चिखलात ओणवे होऊन संध्याकाळपर्यंत मागे मागे सरकत जायचे. आता ती उभी राहते तीही त्याच ओणव्या आकारात. कोणी हाक मारली तर तिला नुसती मान वळवता येत नाही. बैलगाडी वळावी तशी ती सबंध वळते. दवाखान्यात नेले तेव्हा "वय झाले" एवढे निदान झाले आणि कॅल्शियमच्या गोळ्यांची एक पट्टी मिळाली. शेजारच्या बायांचे निदान 'वात'. बाबांनी उधारीवर टॉनिकची बाटली आणली, आजीने ती चमच्याने मोजून मोजून दोन महिने पुरवली. पाठ होती तशीच राहिली.

माझे म्हणणे असे आहे, की 'वय' आणि 'वात' या दोन शब्दांनी आपल्या भागातल्या प्रौढ माणसांच्या हाडांचा प्रश्न झाकून ठेवला आहे. हे शब्द बाजूला करून हाडांत काय आहे आणि पाण्यात काय आहे, ते मोजले पाहिजे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. रसायनशास्त्र माझा विषय नाही, दहावीनंतर मी त्याला नमस्कार केला. तरीही हा लेख लिहिण्याचे धाडस करते, कारण हा प्रश्न जितका रसायनशास्त्राचा आहे तितकाच भूगोलाचा, अर्थशास्त्राचा आणि समाजशास्त्राचा आहे, हे वाचता वाचता माझ्या लक्षात आले.

प्रथम हाडांविषयी. आपली समजूत अशी असते की हाड म्हणजे घराची फाटी. एकदा बसवली की बसवली. वस्तुस्थिती तशी नाही. प्रौढ माणसाचे हाडही सतत झिजत आणि नव्याने बांधले जात असते. वर्षाकाठी सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा बदलला जातो. या बांधकामाला कॅल्शियम लागते हे आता खेड्यातल्या किराणा दुकानदारालाही ठाऊक आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात ते एक किलोच्या आसपास असते आणि त्यातले शंभरातले नव्याण्णव भाग हाडांत व दातांत असतात. पण नुसत्या विटांनी भिंत उभी राहत नाही. मॅग्नेशियम लागते, ते २५ ग्रॅमच्या घरात. जस्त दोन-तीन ग्रॅम. तांबे तर सगळे मिळून गुंजभर, म्हणजे ग्रॅमचा दहावा हिस्सा. परंतु हाडातले प्रथिनाचे धागे एकमेकांत गुंफण्याचे काम ज्या द्रव्यामुळे होते ते तांब्यावाचून चालत नाही. मँगनीज त्याहून कमी, १० ते २० मिलिग्रॅम. आपल्या जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गला आणि चिखल्याला ज्या मँगनीजच्या खाणी आहेत, ज्याचे वॅगनच्या वॅगन भरून जातात, त्याच मँगनीजची चिमूटसुद्धा नव्हे अशी मात्रा आपल्या हाडांना लागते. ही गोष्ट मला वाचताना फार गमतीची वाटली.

या सूक्ष्म खनिजांचा स्वभाव असा, की कमी झाली तरी बिघाड, जास्त झाली तरी बिघाड. याचे सर्वांत चटका लावणारे उदाहरण फ्लोराइडचे आहे आणि माझा सगळा रोख तिकडेच आहे.

फ्लोराइड हे नाव आपल्याला दंतमंजनाच्या जाहिरातीतून माहीत झाले. म्हणून ते चांगलेच असणार असे आपण धरून चालतो. थोडे असले तर दात किडत नाहीत हे खरेच आहे. अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स या शहरात १९४५ साली ते पिण्याच्या पाण्यात मुद्दाम मिसळण्यास सुरुवात झाली. पण तेच जादा झाले की हाडातल्या कॅल्शियमच्या स्फटिकांत शिरून ठाण मांडते. हाड वरकरणी घट्ट होते, क्ष-किरणाच्या चित्रात पांढरेशुभ्र दिसते. आत मात्र ठिसूळ. हाडांना जोडणाऱ्या दोऱ्यांसारख्या ज्या शिरा असतात त्याही चुन्यासारख्या कडक होतात. पाठीचा कणा बांबूसारखा ताठ होतो, मान वळत नाही, गुडघे पूर्ण सरळ होत नाहीत. याला फ्लोरोसिस म्हणतात. हे एका दिवसात घडत नाही, दहा-वीस वर्षे लागतात. म्हणूनच ते म्हातारपणासारखे दिसते.

भारतात हा रोग माणसांत प्रथम नोंदला गेला तो १९३७ साली, मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात. शॉर्ट नावाचे डॉक्टर व त्यांचे सहकारी यांनी तो शोधनिबंध लिहिला. त्याच्या थोडे आधी हैदराबाद संस्थानातल्या गुरांत असाच रोग आढळला होता. म्हणजे माणसाच्या आधी बैलाच्या लंगडण्याची नोंद झाली! शेतकऱ्याच्या दृष्टीने यात नवल नाही. बैल लंगडला तर नांगर अडतो. म्हातारी लंगडली तर तिला पडवीत बाज टाकून देतात.

महाराष्ट्रात हा प्रश्न कुठे दूर नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड, नागपूर, गडचिरोली, गोंदिया या जिल्ह्यांतल्या काही काही गावांच्या भूजलात मर्यादेपेक्षा जास्त फ्लोराइड सापडलेले आहे. यातला गोंदिया १९९९ पर्यंत आपल्याच भंडारा जिल्ह्याचा भाग होता. जिल्ह्याची सीमा माणसांनी आखली, खडकाने नव्हे. भूगोलाच्या तासाला सरांनी सांगितले होते की, इथल्या पुरातन खडकांच्या एका समूहाला भूगर्भशास्त्रात 'साकोली गट' असे नाव आहे. आपल्या गावाचे नाव जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आहे हे ऐकून त्या दिवशी आम्ही बाके वाजवली होती. त्याच्या आजूबाजूला ग्रॅनाइट आणि नाईस जातीचे जुने खडक पसरलेले आहेत. फ्लोराइड असलेली खनिजे अशा खडकांत असतात आणि त्यांच्या भेगांत वर्षानुवर्षे साठून राहिलेले पाणी ते हळूहळू विरघळवून घेते. साकोलीचे पाणी वाईट आहे असे मी मुळीच म्हणत नाही. एकाच गावात एका बोरिंगचे पाणी उत्तम आणि दोनशे पावलांवरच्या दुसऱ्याचे जादा फ्लोराइडचे, असे असू शकते. म्हणूनच ते अंदाजाने सांगता येत नाही, मोजावे लागते.

इथे एक गोष्ट मला विशेष नोंदवावीशी वाटते. गावात दोन बोरिंग असली तर बाया कोणत्या बोरिंगवर गर्दी करतात? आजीला विचारले तर ती म्हणाली, "ज्याच्या पान्यात दार लवकर शिजते, थेच पानी गोड बाई." जड पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हलके पाणी सर्वांना आवडते. आता रसायनशास्त्र काय सांगते पाहा. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला धरून खाली बसवते, कारण या दोहोंचे संयुग पाण्यात फारसे विरघळत नाही. उलट कॅल्शियम कमी आणि खाऱ्या सोड्याचा अंश जास्त अशा हलक्या पाण्यात फ्लोराइड मोकळेपणाने राहू शकते. म्हणजे जिभेला आणि चुलीला जे पाणी पसंत, त्यातच हा धोका अधिक संभवतो. प्रत्येक हलके पाणी वाईट असे नव्हे. पण चवीवर विसंबता येत नाही एवढे नक्की. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. तुरटी फिरवून गाळ बसवला किंवा क्लोरीनचे थेंब टाकले तर जंतू आणि गढूळपणा जाईल, हे जाणार नाही.

मग पूर्वीचे लोक काय पीत होते? आपला जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी गावोगाव तलाव आणि बोड्या बांधल्या. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली आणि ते 'माजी मालगुजारी तलाव' झाले, आपण त्यांना मामा तलाव म्हणतो. तलावाच्या काठी उथळ विहीर खणायची आणि पाझरून आलेले पावसाचे पाणी प्यायचे, अशी रीत होती. पावसाच्या पाण्याला खडकात मुरून बसायला वेळच मिळत नसे. त्यामुळे फ्लोराइड कमी. परंतु म्हणून जुना काळ सोन्याचा होता असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. त्याच पाण्याने पटकी येई, हगवण येई, पोरे दगावत. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव बोरिंग झाल्या, हातपंप बसले. जालना आणि सोलापूर इथे घडवलेल्या मजबूत पंपांचा त्यात मोठा वाटा होता; सोलापूरच्याच नमुन्यावरून पुढे 'इंडिया मार्क टू' हा देशभर पसरलेला हातपंप निघाला. आपल्या महाराष्ट्राने याचा अभिमान जरूर बाळगावा. बोरिंगने लाखो लेकरे वाचवली. बाईच्या डोक्यावरचा घडा पूर्वी कोसभर चालत असे, तो अंगणाजवळ आला. माझी तक्रार बोरिंगविरुद्ध नाही. माझी तक्रार अशी आहे की पाणी लागले की नारळ फोडला, फोटो काढला आणि काम संपले असे आपण समजलो. त्या पाण्यात काय आहे हे गावातल्या किती जणांनी विचारले?

नळ आले म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही. नळाच्या टाकीत पाणी कुठून चढते ते पाहावे. नदीवरून आले तर गोष्ट वेगळी. टाकीखालच्या बोरिंगमधूनच येत असेल तर नळ म्हणजे बोरिंगचेच लांबलेले तोंड.

आता मर्यादेचा प्रश्न. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एका लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही १.५ आहे, आणि पाण्याचे असे आकडे ठरवताना माणूस दिवसाला साधारण दोन लिटर पाणी पितो असे धरतात. दोन लिटर! उन्हाळी धान कापणारी बाई वैशाखात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, किती पाणी पिते हे मानक ठरवणाऱ्यांनी बांधीवर येऊन पाहावे. पाच लिटर म्हटले तरी कमीच. समजा, पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे. पंख्याखाली बसणाऱ्याच्या पोटात ४ मिलिग्रॅम जाईल आणि त्याच पाण्यातून त्या मजुरणीच्या पोटात १० जाईल. वर कोरा चहा. चहाच्या पत्तीतही फ्लोराइड असते. म्हणजे पाणी एक, गाव एक, पण रोग कष्ट करणाऱ्याला आधी गाठणार. मी अर्थशास्त्राचा विषय म्हटले तो यासाठी.

आणि ताटाचेही आहेच. शरीरात कॅल्शियम कमी असेल तर फ्लोराइडचा मार अधिक बसतो. आपले मुख्य अन्न भात. शंभर ग्रॅम तांदळात कॅल्शियम जेमतेम १० मिलिग्रॅम. तेवढ्याच नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम हवे. नुसत्या भातावर हे गणित कसे जुळावे? जुळत असे ते भाताबरोबरच्या गोष्टींनी : काट्यासकट खाल्लेली बारीक मासळी, वाळवलेले झिंगे, बांधीतले खेकडे, जवसाची चटणी, तीळ, शेवग्याचा पाला, पावसाळ्यातल्या रानभाज्या. यातल्या निम्म्या गोष्टी 'गरिबाचे खाणे' म्हणून आमच्या पिढीने ताटाबाहेर काढल्या. वसतिगृहातल्या मैत्रिणींसमोर झिंग्यांचा डबा उघडायला मीही लाजले आहे, हे कबूल करते. शिवाय घरात बाई शेवटी जेवते, तेव्हा भांड्यात रस्सा असतो, मासळी नसते. त्यामुळे टॉनिकची बाटली वाईट असे माझे म्हणणे नाही; पण ज्या घरात बाई शेवटी जेवते त्या घरात ती बाटली म्हणजे फुटक्या बांधाला शेणाचे लिंपण आहे.

एका गोष्टीने मला सर्वांत जास्त विचारात पाडले. आंध्रातल्या, म्हणजे आताच्या तेलंगणातल्या, नलगोंडा जिल्ह्यात फ्लोरोसिस जुनाच होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे एक नवे रूप दिसू लागले : तरुण मुलांचे गुडघे आत वळून एकमेकांवर घासू लागले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतले डॉ. कृष्णमाचारी आणि त्यांचे सहकारी यांनी त्याचा माग काढला. त्यांनी असे मांडले की नागार्जुनसागर धरणामुळे आसपासच्या भूजलाची पातळी वर आली, जमिनीचा गुणधर्म बदलला, ज्वारीत मॉलिब्डेनम नावाचे खनिज वाढले, आणि ते शरीरातले तांबे बाहेर काढू लागले. तांबे कमी, फ्लोराइड जास्त. हाडे दोन्हीकडून कात्रीत. धरण बांधताना ज्या इंजिनियरांनी सिमेंटचा हिशेब केला, त्यांच्या वहीत पोराच्या गुडघ्याचा रकाना नव्हता. आपल्या वैनगंगेवर गोसीखुर्दची कोनशिला १९८८ मध्ये बसली. आपण भात खातो, ज्वारी नव्हे. तेव्हा तेच इथे घडेल असे नाही. तरी धरणाच्या आसपासच्या विहिरींचे पाणी वेळोवेळी मोजत राहावे, एवढे मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

उपाय नाही असे नाही, आणि तो शोधला गेला आपल्याच नागपुरात. इथून शंभरेक किलोमीटरवर नीरी ही राष्ट्रीय संस्था आहे. पाण्यात ठरलेल्या मापाने चुना आणि तुरटी घालायची, घुसळायचे, निवळू द्यायचे आणि वरचे पाणी घ्यायचे, ही पद्धत तिथल्या शास्त्रज्ञांनी बसवली. दुःखी जिल्ह्याच्या नावावरून तिला 'नलगोंडा तंत्र' म्हणतात. कल्पना सोपी आणि स्वस्त आहे. पण रोज मापाने तुरटी घालायची, खालचा गाळ नीट टाकायचा, तुरटी संपली की आणायची, हे कोणी करायचे? रोवणीच्या दिवसांत पहाटे चारला उठणाऱ्या बाईने? अशा कामात योजना मरते ती शास्त्रामुळे नव्हे, तर रोजच्या देखभालीला पगारी माणूस नसतो म्हणून. माझ्या मते शक्य तिथे दुसरे पाणी आणणे हाच खरा मार्ग. मामा तलावातला गाळ काढून त्याच्या काठच्या विहिरी दुरुस्त करणे आणि त्या पाण्यात नियमाने औषध टाकणे, हे आपल्या भागात जमण्यासारखे आहे. सरकारने २००८-०९ पासून फ्लोरोसिस प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आहे. पण गावाने विचारल्याशिवाय कार्यक्रम गावात येत नाही, हा आपला नेहमीचा अनुभव.

एकदा वाकलेली पाठ सरळ होत नाही. त्याला औषध नाही. परंतु सुरुवातीच्या काळात पाणी बदलले तर दुखणे वाढायचे थांबते. म्हणून घाई आहे ती आजीसाठी नव्हे. माझी आई आज पंचेचाळीसची आहे. उठताना गुडघ्यावर हात ठेवते.

डॉक्टरांच्या पुस्तकात तीन साध्या कसोट्या दिल्या आहेत. गुडघे न वाकवता पायाच्या अंगठ्यांना हात लावा. हनुवटी छातीला टेकवा. दोन्ही हात पसरून, कोपरात वळवून मानेमागे न्या. तिन्ही जमले नाही म्हणजे फ्लोरोसिसच असे नव्हे. संधिवात, झीज, जुना मार, कशानेही तसे होते. पण एकाच पाण्यावरच्या अनेकांना, त्यातही चाळिशीच्या आतल्यांना, जमत नसेल तर शंका घ्यायला हरकत नाही. शाळकरी मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी आडवे पट्टे दिसले तरी तसेच. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या अशा गावांतल्या मुली हसताना तोंडावर पदर घेतात, आणि लग्न जुळवताना तो डाग हुंड्यात मोजला जातो, असे ऐकले की पाण्याचा प्रश्न समाजशास्त्राचाही कसा होतो ते वेगळे सांगावे लागत नाही. आजीकडून मी या कसोट्या करून घेतल्या. एकही जमली नाही. तिला फ्लोरोसिस आहे असे मी म्हणणार नाही. क्ष-किरण आणि लघवीची तपासणी झाल्याशिवाय कोणीच म्हणू नये. पण "वय झाले" असेही आता मी म्हणत नाही.

आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी हिवाळ्यात एखाद्या खेड्यात भरते. आपण रस्ता झाडतो, नाली उपसतो, रात्री पथनाट्य करतो, समारोपाला पाहुण्यांचे भाषण ऐकतो. झाडलेल्या रस्त्यावर आठ दिवसांनी पुन्हा शेण पडते. मी दोन शिबिरे केली आहेत, म्हणून बोलते. यंदा माझी प्राध्यापकांना आणि मित्रमैत्रिणींना सूचना आहे की शिबिराच्या गावातल्या प्रत्येक बोरिंगचे आणि विहिरीचे पाणी आपण तपासणीला पाठवावे, आणि उत्तर आल्यावर ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावे. जादा फ्लोराइडच्या पंपाला लाल रंग द्यावा : भांडी घासा, गुरे धुवा, पिऊ नका. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी नकाशा करावा, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी कोण कोणते पाणी किती पिते ते घरोघरी विचारावे. मराठीच्या विद्यार्थ्यांनी ते असे लिहावे की आजीला कळेल.

खर्च फारसा नाही. रंगावरून ढोबळ अंदाज देणारी तपासणीची पेटी मिळते. त्यातल्या लाल द्रावणाचा रंग फ्लोराइड जास्त असेल तर पिवळ्याकडे झुकतो. पक्का आकडा हवा तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा आहे, आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला नमुना कसा पाठवायचा ते माहीत असते. बाटली काचेची नको, प्लॅस्टिकची हवी. पंप पाच मिनिटे हापसून आधीचे पाणी जाऊ द्यावे, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळावी, मग काठोकाठ भरून बूच घट्ट लावावे. बाटलीवर गावाचे नाव, बोरिंगची जागा आणि तारीख लिहावी. पहिली बाटली मी आमच्या वॉर्डातल्या बोरिंगची भरणार आहे, जिच्या पाण्यात डाळ लवकर शिजते.